पैशाची किल्ली कोणाकडे, आणि कधीपर्यंत?

तुमच्या पत्राचा गाभा असा. नवऱ्याला ऑनलाइन बेटिंगचं व्यसन आहे आणि दहा आठवडे उपचार चालू आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कार्डं, पासवर्ड, चेकबुक सगळं आपणहून तुमच्या हवाली केलं. आता मात्र ‘केस कापायलासुद्धा तुझ्याकडे पैसे मागायचे, मी काय शाळकरी पोर आहे का?’ यावरून रोज खटके उडतात. थेरपिस्ट म्हणतात, जबाबदारी त्यांनीच घ्यायला हवी. सासूबाई म्हणतात, नवऱ्यावर इतका अविश्वास बरा नव्हे. पैसे धरून ठेवावेत की परत द्यावेत, हे तुम्हाला कळत नाही. त्यात पुढच्या आठवड्यात नणंदेला भेटवस्तू घ्यायची म्हणून त्यांनी रोख रक्कम मागितली आहे, ती द्यावी का?

पैसे आत्ता परत देऊ नका. पण ते परत कसे जाणार, हे याच आठवड्यात तुम्ही, ते आणि थेरपिस्ट अशा तिघांनी बसून कागदावर लिहा. मी अठरा वर्षं जुगाराच्या व्यसनावर काम करतोय. पैशाच्या ताब्यावरून धुमसणारी घरं मी भरपूर पाहिली. त्यांतल्या बहुतेक घरांत ताबा घेणं चुकलेलं नव्हतं, फक्त तो कसा सुटणार हे कुणी ठरवलेलं नव्हतं. मग घेणारा पहारेकरी होतो, देणारा कैदी, आणि कैद्याचं सगळं डोकं पळून कसं जायचं यातच चालतं.

दारू सोडलेल्या माणसाला उरलेलं आयुष्य दारूला न शिवता काढता येतं. जुगार सोडलेल्याला पैशाला न शिवता एक आठवडाही काढता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एकाने सांगितलं होतं, ‘पगार जमा झाल्याचा मेसेज आला की मला घाम फुटतो.’ त्याच्यासाठी तो मेसेज म्हणजे भरलेला ग्लास समोर येणं होतं. घरभाडं, शाळेची फी, विजेचं बिल हे त्या आकड्यात त्याला दिसायचंच नाही. दिसायचा तो डाव. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत हा आजार १९८० साली पहिल्यांदा आला, तेव्हा तो आवेग न आवरण्याच्या विकारांत घातला होता. २०१३ च्या आवृत्तीत तो व्यसनांच्या प्रकरणात हलवला. त्यातल्या नऊ निकषांपैकी तीन थेट पैशाचे आहेत: तीच झिंग येण्यासाठी रक्कम वाढवत नेणं, हरलेलं वसूल करायला पुन्हा जाऊन बसणं, आणि जुगारातून आलेली अडचण निवारायला दुसऱ्यांच्या पैशावर अवलंबून राहणं. तेव्हा पैशाची व्यवस्था हा उपचाराचाच भाग आहे. थेरपीच्या खोलीबाहेर नवरा-बायकोने आपापसात मिटवायची ती घरगुती बाब नाही.

ताब्याचं काम एकच: तलफ आणि पैसा यांच्यामध्ये वेळ घालणं. तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते. मी पाहिलेल्या बहुतेकांत ती अर्ध्या-पाऊण तासात ओसरू लागते, फक्त त्या वेळात डाव लागला नाही पाहिजे. पूर्वी हा वेळ आपोआप मिळायचा. पैसे काढायचे, अड्ड्यापर्यंत जायचं, कुणी ओळखीचं दिसलं तर तोंड लपवायचं. आता बायको शेजारी झोपलेली असताना, पांघरुणाच्या आत, अंगठ्याच्या एका दाबात महिन्याचा पगार जातो. हरवलेलं ते अंतर आपण हाताने पुन्हा बांधतोय. ‘तुझ्यावर विश्वास नाही’ असं त्याचं भाषांतर सासूबाईंनी केलंय. त्यांना म्हणावं, पाय मोडल्यावर प्लास्टर घालतो तेव्हा पायावर अविश्वास दाखवत नाही.

थेरपिस्टचं बोलणं आणि तुमचा ताबा यांत विरोध आहे असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. किल्ली आपणहून काढून देणं हीच त्यांनी घेतलेली पहिली जबाबदारी होती. स्पेनमधल्या एन्रिके एचेबुरुआ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्लॉट मशीनच्या व्यसनी लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पैशावर आणि जुगाराच्या जागांवर आधी घट्ट नियंत्रण, आणि मग हळूहळू, ठरवून, त्याच मोहासमोर उभं राहून न खेळण्याचा सराव, अशी ती पद्धत होती. इतर उपचारांच्या तुलनेत वर्षभराने याच पद्धतीचे रुग्ण जास्त संख्येने सावरलेले दिसले. यातला दुसरा अर्धा भाग घरोघरी विसरला जातो. नियंत्रण कायमचं नाही, ते सरावापर्यंत पोचायचा पूल आहे. तुमचे थेरपिस्ट बहुधा त्या दुसऱ्या अर्ध्याकडे बोट दाखवतायत. त्यांना स्पष्ट विचारा.

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला सरसकट सांगितलं, ‘सगळं काढून घ्या, एक नाणंसुद्धा हातात ठेवू नका.’ त्यांनी तसंच केलं. तीन आठवड्यांनी कळलं की त्याने हप्त्यावर महागडा फोन उचलला आणि त्याच दुपारी निम्म्या किमतीत विकून रोकड केली. मी पैसे बंद केले होते, उधारीकडे बघितलंच नव्हतं. आणि खिशात शून्य ठेवल्यामुळे बसभाड्यासाठीही त्याला खोटं बोलावं लागत होतं. खोटं बोलण्याचा सराव तर त्याला आधीच होता, मी त्याला रोजचा रियाज दिला.

म्हणून शून्य कधीच नाही. तुमच्या घरातली मांडणी मी अशी करीन. पगार अशा खात्यात जावा जे त्यांना दिसतं पण त्यातून त्यांना एकट्याने काढता येत नाही. ‘दिसतं’ यावर माझा जोर आहे. माणसापासून त्याच्या पैशाची माहिती लपवली की आजाराचं गुपित तसंच राहतं, फक्त ते नवऱ्याकडून बायकोकडे येतं. भाडं, बिलं, हप्ते त्या खात्यातून आपोआप जावेत, आणि तेही पगार जमा होईल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, म्हणजे मोठा आकडा स्क्रीनवर रेंगाळत नाही. त्यांच्यासाठी वेगळं छोटं खातं, आठवड्याची ठरलेली रक्कम, ओव्हरड्राफ्ट नाही, क्रेडिट नाही, व्यवहाराचा मेसेज दोघांना. ती रक्कम प्रवास, जेवण, केस कापणं, मित्रांबरोबर बसणं यांना पुरेल एवढी असावी आणि तिचा हिशेब मागायचा नाही. तेवढा तुकडा त्यांचा. रोज हात पसरायला लावण्यापेक्षा सोमवारी सकाळी आपोआप जमा झालेली रक्कम दहापट बरी. तुमचे निम्मे खटके मला वाटतं इथेच थांबतील.

बेटिंगची ॲप नुसती काढून टाकणं म्हणजे दार ओढून घेणं, कुलूप न लावता. प्रत्येक ठिकाणचं खातं कायमचं बंद करायला हवं, आणि जिथे स्वतःला वगळून घेण्याची, म्हणजे ‘मला खेळू देऊ नका’ अशी नोंदणी मिळते तिथे ती करायला हवी. खात्यात पडून असलेली रक्कम आधी काढून घ्या. ‘एवढी उरली आहे, ती खेळून संपवतो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं मीच म्हणून दाखवतो. बँकेत जुगाराचे व्यवहार अडवण्याची सोय असली तर लावून घ्या, पण ती कशी चालते हे कळलं पाहिजे. कार्डाने पैसे घेणाऱ्या प्रत्येक व्यवसायाला एक चार आकडी वर्गक्रमांक असतो. बेटिंग आणि कॅसिनोचा ७९९५. बँक तो आकडा बघून व्यवहार नाकारते. ब्रिटनमधल्या काही बँकांनी २०१८ मध्ये ही सोय आणली, आणि ती बंद करायची म्हटलं तर काही ठिकाणी ४८ तास थांबावं लागतं. मला त्या ४८ तासांचं मोल नुसत्या अडवण्याहून जास्त वाटतं. तिथे एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळायलाच बंदी आहे. पण पैसे एखाद्या वॉलेटमधून, दलालाच्या खात्यातून किंवा क्रिप्टोतून गेले तर आकडा वेगळा दिसतो आणि बँकेला काही कळत नाही. ही जाळी आहे, भिंत नव्हे.

आता गळती. एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसा आणि त्यांनाच विचारा, ‘उद्या तुला खेळायचंच असेल तर पैसे कुठून उभे करशील?’ हा प्रश्न थेरपीच्या खोलीत विचारलेला उत्तम. जो खरोखर बाहेर पडू पाहतोय तो तुम्हाला थक्क करणारी यादी देतो. झटपट कर्ज देणारी ॲप, कंपनीतून पगाराची उचल, विमा पॉलिसीवरचं कर्ज, निवृत्तीच्या पुंजीतून काढता येणारा भाग, घरातलं सोनं, मुलाच्या नावची ठेव, खरेदी परत करून मिळणारी रोकड, मोबाईलच्या बिलात घालता येणारी खरेदी, मित्राकडून हातउसने, मित्राचं कार्ड, जुनी गाडी. एकाने मला ऑफिसच्या प्रवासखर्चाची आगाऊ रक्कम सांगितली होती, ती माझ्या स्वप्नातही आली नसती. यादीतलं प्रत्येक छिद्र बुजवता येत नाही, पण त्याचं नाव घेतलं की त्याची निम्मी ताकद जाते. कर्जाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून त्यांचा क्रेडिट अहवाल त्यांनी स्वतः दर तीन महिन्यांनी काढावा आणि तुमच्यासमोर उघडावा. नवीन कर्ज निघालं तर ते तिथे दिसण्याची शक्यता बरीच असते. हातउसने मात्र कुठल्याच अहवालात येत नाहीत, म्हणून दोन-तीन जवळच्या मित्रांना त्यांनीच फोन करून सांगावं: ‘मी मागितले तरी देऊ नको.’ अवघड फोन असतो. करून झाल्यावर लोक तासभर सुन्न बसतात, पण परत तिथे मागायला जात नाहीत.

तुम्ही दोघांनी पैशावर रोज बोलणं बंद करा. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, अर्धा तास, मुलं झोपल्यावर. बँकेचं पूर्ण स्टेटमेंट समोर, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉटला कात्री लागते. न समजणारी नोंद दिसली तर विचारायचं, उत्तर ऐकायचं, लिहायचं. अर्धा तास संपला की वही मिटायची, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत खिसे चाचपणं, फोन उघडणं, ‘कुठे होतास’ वगैरे काही नाही. चोरून पासवर्ड काढणं, लपून फोनवर नजर ठेवणारं ॲप घालणं हे तर अजिबात करू नका. कुठे कायद्यात बसत नाही ते सोडा, उपचाराच्या दृष्टीनेही नुकसानच. तुम्ही पकडणार असाल तर सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर उरत नाही.

किल्ली तुमच्याकडेच असावी का, हाही प्रश्न आहे. दरवेळी जोडीदार योग्य नसतो. ज्या घरात पूर्वी मारहाण, धाकदपटशा झालाय, तिथे बायकोच्या हातात पैसे ठेवणं म्हणजे तिला दरवाजात उभं करणं. तिथे भाऊ, विश्वासू मित्र किंवा शक्य असल्यास पैशाचा व्यावसायिक सल्लागार मध्ये घालावा. म्हातारी आई नको, ती विरघळते. ज्याचं देणं आहे तो नको. वयात आलेला मुलगा तर नकोच, बापाला पैसे मोजून देण्याची वेळ त्याच्यावर आणू नये. उलटही घडतं. व्यसनाचं निमित्त करून जोडीदाराला आयुष्यभर मुठीत ठेवणारेही मी पाहिलेत. ‘हा कागद नको, आपलं आपण बघू’ असं कुणी म्हणालं की मी सावध होतो, मग म्हणणारा नवरा असो वा बायको.

सगळ्यात आधी तुमचं स्वतःचं सुरक्षित करा. तुमची कमाई तुमच्या एकटीच्या नावच्या खात्यात, ज्याचे पासवर्ड त्यांना माहीत नाहीत. घराची कागदपत्रं, दागिने घराबाहेर. त्यांच्या कुठल्याही कर्जाला जामीन म्हणून सही नाही, कितीही रडले तरी नाही. याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. बुडणाऱ्याला वाचवणाऱ्याचा एक पाय काठावर लागतो.

देणी. तुम्ही लिहिलंय की सासरे एकरकमी सगळं फेडायला तयार आहेत. माझं मत कठोर आहे: नको. सगळं कर्ज एका दिवसात नाहीसं झालं की खेळणाऱ्याच्या मेंदूत त्याची नोंद मोठ्या जिंकण्यासारखीच होते, शिवाय उधारीची दारं पुन्हा उघडतात. निकषांतला तो तिसरा मुद्दा हाच. आधी पूर्ण यादी, मित्रांच्या छोट्या रकमांसकट. पहिली यादी कधीच पूर्ण नसते, दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत ‘अजून एक सांगायचं राहिलं’ येतं. ते आलं की आरडाओरडा करू नका, नाहीतर चौथं येणार नाही. मग क्रम: डोक्यावरचं छप्पर, अन्न, वीज, मुलांची शाळा. त्यानंतर धमक्या देणारे सावकार, तेही पोलीस किंवा वकील यांचा सल्ला घेऊन. मग बाकीचे, कर्ज देणाऱ्यांशी बोलून बसवलेल्या हप्त्यांत. सासऱ्यांना मदत करायचीच असेल तर त्यांनी रक्कम थेट देणेकऱ्याच्या खात्यात भरावी आणि मुलाकडून ती महिन्याला थोडी थोडी परत घ्यावी. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या गॅम्बलर्स ॲनॉनिमस या गटात यासाठी ‘प्रेशर रिलीफ’ नावाची बैठक असते. अनुभवी सदस्य जोडप्याबरोबर बसतात, मिळकत-खर्च-देणी मांडतात आणि फेडीचं वेळापत्रक करून देतात. स्वतः त्याच खड्ड्यातून आलेल्या माणसाने विचारलं की आकडे खरे निघतात.

यादी उघड होते तो दिवस धोक्याचा असतो. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका खरोखर मोठा आहे आणि तो अशाच वेळी वर येतो, जेव्हा पूर्ण आकडा पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला जातो. थेट विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतंय का?’ विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाले तर त्या रात्री एकटं सोडू नका, आणि थेरपिस्टला किंवा तातडीच्या सेवेला लगेच कळवा. हिशेब थांबला तरी चालेल.

जाता जाता एक: व्यसन एखादं औषध सुरू झाल्यानंतर जडलं असेल तर डॉक्टरांना सांगा. पार्किन्सन्ससाठी देतात त्या प्रामिपेक्सोलसारख्या काही औषधांनी जुगाराची ओढ निर्माण झालेली माणसं आहेत. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

घसरण होईल का? होऊ शकते, आणि ती होण्याआधीच ठरवून ठेवायचं. खेळलो तर २४ तासांच्या आत कोणाला सांगायचं, आठवड्याची रक्कम तात्पुरती किती कमी करायची, कोणतं खातं गोठवायचं, पुढची अपॉइंटमेंट कधी. त्या दिवशी ‘का’ विचारू नका, ‘कुठून’ विचारा. पैसे कुठून आले याचं उत्तर मिळालं की एक छिद्र सापडलं. ‘का’चं उत्तर थेरपीत आठवडे घेऊन मिळतं, स्वयंपाकघरात मध्यरात्री नाही.

परतीचा कागद असा असावा. पायऱ्या तारखांच्या नकोत, वागण्याच्या हव्यात. तीन महिने झाले म्हणून कार्ड परत, हे चुकीचं. तलफ आली हे खेळण्याआधी आपणहून सांगितलं, असं चार-पाच वेळा घडलं. स्टेटमेंट न मागता पुढे आलं. यादीत नवीन देणं निघालं नाही. असं दिसलं की एक पायरी. आधी आठवड्याच्या रकमेऐवजी पंधरवड्याची. मग एक घरगुती बिल पूर्णपणे त्यांच्याकडे. मग ठरवून रोख खिशात घेऊन मोहाच्या जागेजवळून किंवा वेळेतून जाणं, पहिल्यांदा कुणाबरोबर, नंतर एकट्याने, आणि परतल्यावर रक्कम तेवढीच असल्याचं दाखवणं. ऑनलाइन खेळणाऱ्यासाठी ती वेळ म्हणजे मोठ्या सामन्याची रात्र. ही पायरी फक्त थेरपिस्टच्या सांगण्यावरून. पगाराचं खातं सगळ्यात शेवटी. एक खूण उलट वाचा: रंगीत तक्ते करून ‘बघ, मी कसं बजेट केलंय, आता दे’ अशी घाई करणारा माणूस तयार झालेला नसतो. तयार झालेले लोक अनेकदा स्वतः म्हणतात, ‘अजून दोन महिने तुझ्याकडेच राहू दे.’

राहिली नणंदेची भेट. रोख देऊ नका, पण नकारही देऊ नका. बहिणीसाठी काहीतरी घ्यावंसं वाटणं ही गेल्या दोन वर्षांत मागे पडलेली गोष्ट आहे, ती जपण्यासारखी आहे. वस्तू त्यांना निवडू दे, पैसे थेट दुकानाच्या खात्यात तुम्ही भरा, पावती तुमच्याजवळ असू दे, म्हणजे वस्तू परत करून रोकड करण्याची वाट बंद. आणि नणंदेला भेट त्यांच्या हातून जाऊ दे, तुम्ही भरलेत हे तिला सांगायची गरज नाही.